दुपट्ट्याखालचा सौदा

कुणाच्याही नव्या घरी गेले की माझा हात आपोआप भिंतीकडे जातो. घरची बाई कौतुकानं पडदे दाखवत असते आणि मी बोटाच्या पेरानं भिंत वाजवत असते. सुधीर, म्हणजे माझा नवरा, मागून कोपर मारतो. मारू दे. ज्यानं ढोबळे काकाजींच्या शेजारात काही वर्षं काढली, त्याची ही खोड जायची नाही. आता आम्ही अकोल्याला असतो, इथल्या भिंती चांगल्या विटांच्या आहेत, तरी मी त्यांना एकदा विचारून घेतेच.

नागपूरला बेसा रोडवरच्या आमच्या इमारतीत बाहेरच्या भिंती विटांच्या आणि आतल्या सगळ्या जिप्समच्या होत्या. मध्ये लोखंडी पत्र्याचे उभे खांब, त्यांच्या दोन्ही अंगांना पांढरे जिप्समचे तक्ते, आणि बाकी आत नुसती हवा. फ्लॅट दाखवणारा मुलगा म्हणाला होता, हलकी भिंत आहे, जागा वाचते, उन्हाळ्यात घर थंड राहतं. नागपुरात घर थंड राहतं म्हटल्यावर मी पुढचं काही ऐकलंच नाही. राहायला आलो आणि सुधीरनं पुस्तकांच्या फळीसाठी हॉलच्या भिंतीवर खिळा धरून विटेवर हाणावा तसा हातोडा हाणला. खिळा आत गेला, मागोमाग हातोडाही गेला. भोकातून बेडरूममध्ये वाळत टाकलेली माझी साडी दिसायला लागली.

मी सुधीरला काय बोलले ते इथं सांगत नाही. बोलता बोलता लक्षात आलं की दार उघडं आहे आणि उंबऱ्याबाहेर एक म्हातारे गृहस्थ हातात वाटी घेऊन उभे आहेत. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. समोरच्या फ्लॅटमध्ये नुकतेच आलेले हे ढोबळे काकाजी. बायकोनं विरजण मागायला पाठवलं होतं. आमचं भांडण संपेपर्यंत ते बिचारे अदबीनं थांबले होते, पण नजर मात्र भोकावर होती. वाटी त्यांनी टेबलावर ठेवली, भिंतीला तळवा लावला, अंगठ्यानं दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि पेरानं वाजवत पुढे सरकत गेले.

"संत्रं हाय हे," ते म्हणाले. "साल वेगळी, फोड वेगळी. तुमी सालीत खिळा मारून राहिले."

सुधीरला ते काही पटलं नाही. मला मात्र एकदम पटलं, कारण ते त्याच्या विरुद्ध होतं.

काकाजींची सगळी हयात काटोलच्या संत्रा बाजारात दलाली करण्यात गेली होती. ढिगातलं एक फळ उचलून दाबलं की आत रस आहे का नुसती फुगलेली साल, हे ते डोळे मिटून सांगत म्हणे. आता दलाली बंद झाली होती. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं धंतोलीतल्या एका दवाखान्यात व्हायची होती, एक आधी आणि एक नंतर, आणि पुण्याला असणाऱ्या मुलीचा हा फ्लॅट रिकामा होता म्हणून दोघं नागपूरला आली होती. दिवसभर करायला काही नाही आणि दाबून पाहायला फळं नाहीत. त्यात समोरच्याच घरात ही पोकळ भिंत मिळाली. माणूस खुलला.

पहिला प्रयोग आमच्याच घरी झाला आणि सपशेल फसला. भिंत वाजवत वाजवत एके ठिकाणी काकाजी थबकले. इथं आवाज भरीव येते, म्हणाले, इथं फोड आहे. सुधीरनं मुकाट ड्रिल चालवलं, स्क्रू पिळला, फळी बसली, पुस्तकं चढली. चहा होईपर्यंत सगळं खाली आलं. पाहतो तर काय, भिंतीपलीकडे बेडरूममध्ये आमचं लोखंडी कपाट भिंतीला खेटून उभं होतं, आणि आवाज भरीव येत होता तो त्या कपाटातल्या माझ्या साड्यांचा. मी हसत सुटले. काकाजी हसले नाहीत. पडलेली पुस्तकं स्वतः उचलून त्यांनी नीट रचली आणि म्हणाले, "माल एकाच बाजूनं पाहणारा दलाल बुडते. मी बुडलो." त्यानंतर कोणाचीही भिंत त्यांनी पलीकडच्या खोलीत जाऊन पाहिल्याशिवाय वाजवली नाही.

नुसत्या कानावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. माझ्या फ्रिजवर एक पिवळं बदक चिकटलेलं असायचं, बिलं अडकवायला. आत लोखंडी खांब आहेत तर लोहचुंबक चिकटेल, असं सुधीर पुटपुटला. काकाजींनी ते तत्काळ उचललं, त्याला दोरा बांधला आणि भिंतीवरून सोडलं. बदक घसरत घसरत गेलं आणि एके जागी थांबलं. "बसलं," काकाजी म्हणाले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून तिथं फुली मारली. हातभर अंतरावर ते पुन्हा बसलं, पुन्हा फुली. मग या फुल्यांवरून एक आडवी लाकडी पट्टी खांबांत स्क्रूनं कसायची आणि फळीचे ब्रॅकेट त्या पट्टीला लावायचे, ही रीत त्या दोघांनी मिळून काढली. माझी पुस्तकं चढली ती पुन्हा पडली नाहीत. बदक एका दिवसासाठी म्हणून काकाजींच्या खिशात गेलं आणि तिथंच राहिलं.

इमारतीत बातमी पसरायला काय लागतं? सगळ्यांच्या भिंती सारख्या आणि सगळ्यांच्या नवऱ्यांचे हातोडे सारखे. ज्याच्या त्याच्या घरून काकाजींना बोलावणं यायला लागलं. ते यायचे, पाणी प्यायचे, दोन्ही खोल्या पाहायचे, बदक फिरवायचे. मग भिंत किती वजन पेलेल ते सांगायची वेळ आली की तोंड बंद. खांद्यावरचा दुपट्टा काढून समोरच्याच्या हातावर टाकायचे, खालून त्याचा हात धरायचे आणि बोटं दाबायचे. त्यांच्या तरुणपणी बाजारात भाव असाच ठरे, कपड्याखाली, बोटांनी, म्हणजे शेजारच्याला कळू नये. पुढे उघडी बोली आली तरी काकाजींची सवय गेली नाही. भिंतीसाठी त्यांनी नवा हिशोब बसवला होता. एक बोट म्हणजे कॅलेंडर, दोन म्हणजे फोटो, तीन म्हणजे मसाल्याचे डबे, चार म्हणजे पुस्तकं, आणि पाचही बोटं दाबली तर पितळ. समोरच्याला मान्य असेल तर त्यानं उलट मूठ आवळायची. मूठ आवळली की सौदा पक्का, मग कोणी आलं तरी मोडायचा नाही.

मी म्हटलं, काकाजी, सरळ तोंडानं सांगा ना, इथं कोण आपला भाव चोरणार आहे? तर म्हणाले, मालासमोर मालाचा भाव बोलू नये, त्याचं मन दुखते. भिंतीचं मन! मी कपाळाला हात लावला.

फळी लागली तरी काम संपत नसे. काकाजींचा नियम होता की फळीला एक दिवस मुक्कामी ठेवायची. काटोलहून कोणी ना कोणी संत्र्यांची पिशवी पाठवायचंच. जे ठेवायचं त्याच्या दुप्पट वजनाची संत्री त्या फळीवर रचायची, संत्र्यांचे दिवस नसतील तर कांदे, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहायचं. फळी जागची हलली नसेल तर संत्री त्या घराची. हललीच तर काकाजी खाली बसून सगळी सोलून खायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. आमच्या जिन्यात भल्ला वास सुटायचा.

देवघराची गोष्ट तर सगळी इमारत अजून सांगते. वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंनी संगमरवरी देवघर आणलं होतं आणि ते त्यांना भिंतीवरच टांगलेलं हवं होतं. काकाजींनी भिंत पाहिली, देवघर उचलून पाहिलं. समोर पाटावर देव बसलेले. देवांसमोर वाईट भाव कसा सांगायचा? त्यांनी जोशींना बाहेर जिन्यात बोलावलं आणि दुपट्टा टाकून दोन बोटं दाबली. मग जोशीबाईंना बोलावलं, पुन्हा दोन. बाई ऐकेनात, म्हणून त्यांच्या सासूबाईंना बोलावलं. ऐंशीच्या घरातल्या सासूबाई जिन्यात आल्या, दुपट्ट्याखाली हात दिला आणि लाजल्या. आत येऊन सुनेला म्हणाल्या, इतक्या वर्षांनी कोणी हात धरला अन् तोही नाही म्हणायला. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. आपल्याला चालायला पाय लागतात तर देवाला काहून नकोत? देवघराला खालून सागाचे पाय लावले, ते जमिनीवर टेकले, आणि भिंतीनं नुसती पाठ दिली. जोशीबाईंना ते टांगलेलंच वाटत राहिलं.

एवढ्या घरांत फळ्या लावल्या, पण काकाजींच्या स्वतःच्या घरात एकही फळी नव्हती.

त्यांच्या बेडरूममध्ये भिंतीशी तीन बोऱ्या उभ्या असत, तोंडं सुतळीनं शिवलेली. त्यांत काकूंचं पितळ होतं. आईनं दिलेले डबे, सासूची परात, गंगाळ, तांबे, पेले. बंद घरात पितळ ठेवून येत नाहीत म्हणून सोबत आणलेलं, पण उघडलं नव्हतं. सुमनकाकू दोन स्टीलच्या पातेल्यांवर सगळा स्वयंपाक करत. बाई उंच, सावळी, बोलायला कमी आणि बोलली की तुकडा पाडणारी. मी एकदा विचारलं, सगळ्या बिल्डिंगीला फळ्या आणि तुम्हालाच नाही, असं कसं?

"पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरी फळी ठोकाची असते का वं?" त्या म्हणाल्या. "गुडघे झाले का आमी चाललो काटोलले. पितळ तिथंच निघंन."

काकाजी तिथंच बसले होते. त्यांनी खिशातून बदक काढलं, दोरा गुंतलेला नसतानाही तो सोडवत बसले.

मला राहवलं नाही. जोशींच्या घरून पट्टी आणताना जिन्यात मी त्यांना गाठलं आणि विचारलं, तुम्हाला जायचंय का खरंच? ते पायरीवर टेकले.

"काटोलात आता मले कोणी माल दाखवत नाही पोरी. बाजारात गेलो तं खुर्ची देतात, चहा देतात, अन् आपल्या कामाले लागतात. इथं बाया भिंत दाखवाले बोलावतात."

मग काकूंना सांगा ना तसं, मी म्हटलं.

"गरज आधी सांगणारा सौदा हरते," ते म्हणाले. "अन् तिथलं घर तिचं हाय. गुडघे तिचे दुखले. मी काहून मधात बोलू?"

बापा, या दोघांचं काय करावं? एक बोलत नव्हता आणि दुसरीला कोणी विचारत नव्हतं. मी सुधीरजवळ चिडचिड केली. तो म्हणाला, तू पोस्टात काम करतेस म्हणून सगळ्यांचे निरोप पोचवायलाच पाहिजेत असं नाही. म्हणून मी गप्प बसले, आणि गप्प बसणं मला किती जड जातं ते त्यालाच माहीत.

काकूंचे गुडघे मात्र फक्कड झाले. आधी काठी धरून, मग काठी हातात नुसती मिरवत, मग काठीशिवाय त्या जिना उतरू लागल्या. धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता यायची गरज नाही. सगळ्या इमारतीला पेढे वाटले. काकाजींनी पेढ्यांचा डबा घेऊन दारोदार फिरताना प्रत्येक घरातली आपली फळी एकदा हातानं दाबून पाहिली. आमच्याकडे आले तेव्हा खिशातून बदक काढून त्यांनी माझ्या फ्रिजवर चिकटवलं. "तुझं होतं, ठेव," म्हणाले. मला रडू आलं. लपवलं नाही, तिथंच रडले. ते म्हणाले, विरजण लागलं तं काटोलहून पाठवीन, आणि गेले.

काकू बसनं एकट्याच आधी काटोलला गेल्या, घर झाडून पुसून ठेवायला. काकाजी इथलं आवरायला मागे राहिले. आवरायचं होतं काय? बोऱ्या शिवलेल्याच होत्या. ते आमच्याकडे जेवायला यायचे आणि जेवताना टेबल वाजवत बसायचे. त्यातच सुधीरच्या अकोल्याच्या बदलीचा हुकूम आला आणि मीही बदली मागून घेतली. म्हणजे या मजल्यावर दोन्ही दारांना कुलूप लागणार होतं.

आमचं सामान ट्रकमध्ये चढत होतं त्या दिवशी दुपारी काकू परत आल्या. खाली एकच कालवा झाला म्हणून मी गॅलरीतून वाकून पाहिलं. ऑटो आमच्या ट्रकमागे अडला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी एक लांबलचक फळी बाहेर आली होती. जुन्या सागाची, तेलानं आणि धुरानं काळी झालेली, काटोलच्या स्वयंपाकघरातली. ती त्यांनी तिथल्या भिंतीवरून उतरवून आणली होती. कंडक्टर फळी बसमध्ये घेत नव्हता, तर काकू म्हणे पायरीवर बसून राहिल्या, ना चढल्या ना उतरल्या, तेव्हा कुठे त्यानं ती मधल्या वाटेत आडवी घालू दिली. आमच्या हमालांनी ती वर आणली.

काकाजी दारात उभे. काकूंनी फळीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा," म्हणाल्या. "लावा."

काकाजींनी फळी भिंतीशी टेकवली. ते ड्रिल आणायला आत गेले तशी काकू माझ्याकडे वळल्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "तिथं चार दिवस राहून पाह्यलं मी. घर छान हाय. पण हे तिथं दिवसभर ओट्यावर बसून रस्ता पाहतीन अन् मी ह्यायच्याकडे पाहीन. इथं बरे भिंती ठोकून राहिले. मले हा माणूस असाच पाह्यजे." इतकं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

मी पर्समधून बदक काढलं. फ्रिज बांधताना तेवढं वेगळं ठेवलं होतं. काकाजी बाहेर आले, त्यांना म्हटलं, घ्या, लागेल. ते म्हणाले, "नको. लागत नाही."

त्यांनी आम्हाला आत नेऊन स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मागे पेन्सिलीच्या चार फुल्या होत्या, एका रेषेत, फिकट पडलेल्या. माझं बदक पहिल्यांदा त्यांच्या खिशात गेलं त्याच आठवड्यातल्या असणार. ते ओशाळले, फुल्यांवर हात ठेवून उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "लपवता काय? दर महिन्याले कॅलेंडरचं पान मीच पलटवत होती. मले दिसत नव्हत्या का?"

"मग पुसल्या काहून नाही?"

काकूंनी पदरानं भिंतीवरची धूळ टिपली, फुल्यांना धक्का न लावता. मग सुतळी कापायला विळी आणली आणि पहिल्या बोरीचं तोंड उघडलं.

काकाजींनी घसा साफ केला. आवाज दलालाचा करायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. म्हणाले, किती दिवसांसाठी लावायची ते सांग, त्या हिशोबानं स्क्रू घेतो.

काकू उठल्या. आता त्यांना उठताना भिंत धरावी लागत नव्हती. त्यांनी काकाजींच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, त्यांच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला. संसाराच्या इतक्या वर्षांत नवऱ्याचा धंदा त्यांनी कधीतरी पाहिला असणारच. कापड हललं. बोटं किती दाबली ते मला दिसलं नाही, काकाजींचा चेहरा तेवढा दिसला. मग दुपट्ट्याखाली एक मूठ आवळली गेली, आणि तिच्यावर दुसरी.

खालून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. निरोप घ्यायला म्हणून आले होते, पण तिथं आता माझं काम नव्हतं. मी पर्समध्ये बदक टाकलं, दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरले. खाली पोचेपर्यंत वर ड्रिल सुरू झालं होतं.